दाहुआंगचं प्रकरण: अहवाल सारखा, गुण वेगळा

दाहुआंग म्हणजे चिनी वैद्यकातला पोट साफ करणारा एक कंद. त्याचा एकच लॉट घेतला आणि त्याचे दोन भाग केले. एका भागाचे कच्चे काप वाळवून ठेवले. दुसऱ्या भागात हुआंगजिउ ही धान्याची दारू मिसळली, १०० किलोला ३० किलो या हिशेबाने. ती पुरती मुरल्यावर बंद भांड्यात वाफेवर तो माल आतून-बाहेरून काळा होईपर्यंत शिजवला. आता दोन्ही नमुने प्रयोगशाळेत तपासले, तर एकूण अँथ्राक्विनोन (कंदातली पिवळी द्रव्यं) दोन्हींत १.५ टक्क्यांच्या वर येतात, म्हणजे चिनी औषधकोशाची (औषधांच्या दर्जाच्या अटी घालणाऱ्या अधिकृत ग्रंथाची) अट दोन्ही पाळतात. पण कच्च्या कापांचा काढा रात्री घेतला की सकाळी पोट साफ होतं आणि काळ्या कापांचा तेवढ्याच वजनाचा काढा फारसा रेच करत नाही. चिनी वैद्यांना हे शेकडो वर्षं ठाऊक आहे. म्हणून तर कच्चं दाहुआंग कोठा साफ करायला आणि शिजवलेलं, म्हणजे शू दाहुआंग, साकळलेलं रक्त मोकळं करायला अशी विभागणी त्यांनी केली.

मग अहवालावरचा १.५ हा आकडा नेमकं काय मोजतो? हे प्रकरण या एकाच प्रश्नाचं आहे. वनस्पतीतलं रसायन आणि तिचा गुण यांची सांगड घालताना ठिकठिकाणी जी गफलत होते, ती इथे फार स्वच्छ दिसते.

माल कोणता

औषधकोशाला मान्य असलेल्या जाती तीन: रीअम पामाटम, रीअम टँग्युटिकम आणि रीअम ऑफिसिनाले. गान्सू, चिंगहाय आणि सिच्वान हे मुख्य प्रदेश. गान्सूतल्या लीश्येन तालुक्याचा माल नावाजलेला. पानं सुकल्यावर शरदाच्या अखेरीस किंवा वसंतात कोंब फुटण्यापूर्वी कंद खणतात, बारीक मुळं काढतात, बाहेरची साल खरवडतात, तुकडे करतात आणि दोरीत ओवून वाळवतात. चांगल्या कंदाचा आडवा काप पाहिला तर आत चांदण्यांसारखे ठिपके विखुरलेले दिसतात. मूळ कंदाच्या गाभ्यातल्या वेगळ्या वाहिनी-जुड्यांचे ते ठिपके. चावल्यावर वाळू लागल्यासारखं कचकचतं आणि थुंकी पिवळी होते. कचकच कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांची, पिवळेपणा अँथ्राक्विनोनचा.

आपल्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानात रेवंदचिनी म्हणून जे मिळतं, ते बहुधा हिमालयातलं रीअम ऑस्ट्राले, ज्याला जुन्या ग्रंथांत रीअम इमोडी म्हणत. कुळ एक असलं तरी जात वेगळी आहे. खाली दिलेल्या मात्रा आणि आकडे चिनी जातींचे आहेत. ते जसेच्या तसे दुकानातल्या रेवंदचिनीला लावू नयेत.

कंदात काय काय आहे

पहिला गट सुट्या अँथ्राक्विनोनचा: अ‍ॅलो-इमोडिन, रीन, इमोडिन, क्रायसोफॅनॉल आणि फिसिऑन. दुसरा गट याच पाचांना साखरेचा रेणू जोडलेला असलेल्या ग्लायकोसाइडचा. तिसरा गट सेनोसाइडचा. दोन अँथ्रोन (अँथ्राक्विनोनचीच क्षपित रूपं) एकमेकांना कार्बन-कार्बन बंधाने जोडलेले आणि प्रत्येकाला एकेक ग्लुकोज, असा हा जोडरेणू. सोनामुखीच्या पानांत आणि शेंगांत असतात तेच हे सेनोसाइड. चौथा गट टॅनिनचा: गॅलिक आम्ल, कॅटेचिन आणि त्यांच्यापासून बनलेले मोठे रेणू. वजनात टॅनिनचा वाटा मोठा असतो, पण अँथ्राक्विनोनच्या चर्चेत त्याच्याकडे सहसा कोणी पाहत नाही.

पिवळा रंग, मोजणीच्या आलेखात सहज दिसणारी शिखरं आणि बाजारात सहज मिळणारे शुद्ध संदर्भ नमुने यांमुळे पहिला गट प्रयोगशाळांचा लाडका झाला. पण रेच घडवतो मुख्यतः तिसरा गट.

कारण असं. सेनोसाइड जठरात फुटत नाही आणि लहान आतड्यात फारसं शोषलंही जात नाही. ते मोठ्या आतड्यापर्यंत जवळपास अखंड पोचतं. तिथले जिवाणू आधी दोन्ही ग्लुकोज तोडतात, मग मधला बंध क्षपणाने फोडतात आणि रीन-अँथ्रोन तयार होतं. प्रत्यक्ष काम करतं ते हेच. माणसाच्या आतड्यातून वेगळा काढलेला बिफिडोबॅक्टेरियमचा एक वाण सेनोसाइडमधली साखर तोडतो, हे जपानी संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवलं. रीन-अँथ्रोनमुळे आतड्याच्या भिंतीतल्या मॅक्रोफेज या संरक्षक पेशी प्रोस्टाग्लँडिन ई२ हे संदेशवाहक द्रव्य सोडतात, त्याने पाणी शोषणारी अ‍ॅक्वापोरिन-३ ही प्रथिनं कमी होतात आणि मळातलं पाणी मळातच राहतं. काढा घेतल्यापासून परिणामाला सहसा ६ ते १२ तास लागतात, तो वेळ या प्रवासाचा.

आता उलट बाजू. साखर आधीच तुटून सुटं झालेलं रीन तोंडाने दिलं, तर बरंचसं वरच्या आतड्यातच शोषलं जातं आणि लघवीवाटे जातं. मोठ्या आतड्यात पोचतं थोडं. म्हणजे साखर ही इथे शोभेची नाही. औषध योग्य जागी नेऊन पोचवणं हे तिचं काम. दारूत शिजवताना उष्णतेने ती साखर तुटते आणि जोडरेणू मोडतो, तेव्हा पिवळी द्रव्यं कंदातच राहतात, पण त्यांना जिथे पोचायचं होतं तिथे ती पोचत नाहीत.

आकड्याचं पोस्टमॉर्टेम

चिनी औषधकोशाची पद्धत अशी. चूर्ण सुमारे ०.१५ ग्रॅम, त्यात मिथेनॉल २५ मिली, एक तास रिफ्लक्स, म्हणजे वाफ थंड होऊन परत भांड्यात पडेल असं उकळणं. गाळलेल्या द्रवातून ५ मिली घेऊन मिथेनॉल उडवायचं. उरलेल्यात ८ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल १० मिली घालून दोन मिनिटं अल्ट्रासोनिक लहरी, मग क्लोरोफॉर्म १० मिली घालून पुन्हा एक तास रिफ्लक्स. क्लोरोफॉर्मचा थर वेगळा करायचा, आम्लाचा थर आणखी तीनदा क्लोरोफॉर्मने धुवायचा, सगळं एकत्र उडवून मिथेनॉलमध्ये १० मिलीपर्यंत आणायचं. एचपीएलसीत (द्रव्यं स्तंभातून वेगळी करून मोजण्याच्या यंत्रात) सी-१८ स्तंभ, मिथेनॉल आणि ०.१ टक्के फॉस्फोरिक आम्ल ८५:१५, मोजणी २५४ नॅनोमीटरवर. पाचही शिखरांची बेरीज १.५ टक्के किंवा जास्त हवी.

यातली आम्लाची पायरी निर्णायक आहे. ती ग्लायकोसाइडची साखर तोडते. त्यामुळे मुळात सुटं असलेलं इमोडिन आणि साखरेशी बांधलेलं इमोडिन दोन्ही एकाच शिखरात येऊन पडतात. कच्च्या मालातला बांधलेला साठा आणि शिजवलेल्या मालातला सुटा साठा यांतला फरक मोजण्याआधीच पुसला जातो. दोन्ही नमुने पास होतात ते यामुळे.

दुसरी अडचण त्याहून खोल आहे. सेनोसाइडमधला कार्बन-कार्बन बंध नुसत्या आम्लाने तुटत नाही. साखर गेली की सेनिडिन उरतं आणि सेनिडिन त्या पाच शिखरांत नाही. तो बंध फोडून रीन मिळवायला फेरिक क्लोराइडसारखं ऑक्सिडीकरण करणारं द्रव्य लागतं. युरोपीय औषधकोशाच्या पद्धतीत ते आहे आणि तिथली अट रीनच्या हिशेबात २.२ टक्के. म्हणजे रेचाला ज्याची सर्वांत जास्त गरज आहे, तो रेणू चिनी एकूण आकड्यात जवळजवळ मोजलाच जात नाही. ‘अँथ्राक्विनोन भरपूर, म्हणजे रेच जोरकस’ हा निष्कर्ष त्या अहवालावरून काढणं चूक आहे, मग आकडा २ टक्के असो वा ४.

औषधकोशकारांनी सुट्या अँथ्राक्विनोनची वेगळी अटही घातली आहे. कच्च्या कापांना किमान ०.३५ टक्के, दारूत शिजवलेल्याला किमान ०.५० टक्के. शिजवताना सुटा भाग वाढतो, हे त्यातून मान्य झालं. पण ही दोन्ही किमान पातळीची बंधनं आहेत. कच्चा म्हणून विकलेला माल वाळवताना किंवा साठवताना तापला, त्यातला सुटा भाग खूप वाढला, तरी ही अट त्याला अडवत नाही.

जपानने वेगळी वाट धरली. तिथल्या औषधकोशात दाहुआंगची अट थेट सेनोसाइड ए वर आहे: किमान ०.२५ टक्के. पद्धतही रेणूला सांभाळणारी. ०.५ ग्रॅम चूर्णाला हजारात एक या प्रमाणाचं खाण्याच्या सोड्याचं द्रावण ५० मिली घालून ३० मिनिटं नुसतं हलवायचं, गाळायचं आणि ३४० नॅनोमीटरवर मोजायचं. ना उकळी, ना तीव्र आम्ल. सेनोसाइडमध्ये आम्ल गट असल्याने सौम्य क्षारात ते सहज विरघळतं.

थोडा हिशेब करून पाहू. जपानमधल्या दायो-कान्झो-तो या काढ्यात दिवसाला दाहुआंग ४ ग्रॅम आणि ज्येष्ठमध १ ते २ ग्रॅम असतो. ०.२५ टक्क्यांच्या किमान पातळीवर ४ ग्रॅम दाहुआंगमध्ये सेनोसाइड ए भरतं १० मिलिग्रॅम. रेणुभार ८६२.७, म्हणजे ११.६ मायक्रोमोल. एका रेणूतून दोन रीन-अँथ्रोन निघतात, म्हणजे २३.२ मायक्रोमोल, वजनात सुमारे ६.३ मिलिग्रॅम. दुसरीकडे चिनी अटीनुसार त्याच ४ ग्रॅममध्ये अँथ्राक्विनोन किमान ६० मिलिग्रॅम. मोठा दिसणारा आकडा ६० चा आहे आणि रेचाचा भार पेलणारा आकडा ६.३ चा. शिवाय हे ६.३ काढ्यात पूर्ण उतरलं आणि उकळताना टिकलं असं धरून आहे.

काढ्याच्या भांड्यात काय होतं

भांड्यात दोन गोष्टी एकाच वेळी चालतात. सेनोसाइड कंदातून पाण्यात उतरतं आणि उतरलेलं सेनोसाइड उष्णतेने मोडतं. पहिली क्रिया लवकर पुरी होते, दुसरी उकळी चालू असेपर्यंत थांबत नाही. म्हणून रेच हवा असेल तर दाहुआंग शेवटी घालायचं, असा चिनी दवाखान्यांचा शिरस्ता. टॅनिनचं उलट आहे. ते दीर्घ उकळीत उतरत राहतं आणि बांधून धरणारा गुण वाढवतं. तासभर उकळलेल्या काढ्यात रेचक कमी आणि स्तंभक जास्त, अशी दोन्हीकडून घसरण होते.

या शिरस्त्याला पुरावा म्हणून तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीच्या झांग झोंगजिंग या वैद्याच्या शांगहान लुन या ग्रंथातले दोन काढे नेहमी शेजारी ठेवले जातात. ता-छंगछी या मोठ्या काढ्यात दाहुआंग ४ लिआंग (जुनं चिनी वजन). १० शंग (जुनं चिनी माप) पाण्यात आधी होउपो ही साल आणि झिशी ही कच्ची फळं उकळून ५ शंग उरवायचं, गाळायचं, मग दाहुआंग घालून २ शंगवर आणायचं, गाळायचं आणि शेवटी मांगशिआओ हा क्षार घालायचा. श्याओ-छंगछी या लहान काढ्यातही दाहुआंग ४ लिआंगच, पण सगळं एकदमच टाकून ४ शंगचं १.२ शंग करायचं. मोठा जहाल, लहान सौम्य. त्यामुळे दाहुआंग उशिरा घातल्यानेच मोठा जहाल झाला, असं शिकवतात.

पण पाणी मोजून पाहा. मोठ्या काढ्यात दाहुआंग पडल्यावर ३ शंग आटतं, लहान काढ्यात २.८ शंग. दाहुआंगला लागलेली उकळी जवळपास सारखीच! फरक आहे तो इतरत्र. मोठ्यात मांगशिआओ आहे, म्हणजे सोडियम सल्फेट, जे स्वतःच पाणी ओढून रेच करतं. होउपोही २ च्या जागी ८ लिआंग आहे. उशिरा घालण्याचा नियम रसायनाच्या कसोटीवर खरा ठरतो, पण या जोडीने तो सिद्ध होत नाही. घटक आणि गुण यांची सांगड घालताना एका वेळी एकच गोष्ट बदललेली असावी लागते. ती काळजी न घेता निघालेले निष्कर्ष आजच्या शोधनिबंधांतही सापडतात.

सांगड सिद्ध कशी करायची

सध्याची रूढ रीत अशी. बऱ्याच नमुन्यांचे एचपीएलसी आलेख काढायचे, त्याच नमुन्यांचा प्राण्यांवरचा परिणाम मोजायचा आणि कोणतं शिखर परिणामाबरोबर वर-खाली होतं ते सांख्यिकीने शोधायचं. दाहुआंगसाठी बद्धकोष्ठ केलेल्या उंदरांना काढा देतात, सोबत कोळशाची पूड. पहिली काळी लेंडी किती वेळाने पडली आणि ठरावीक तासांत ओल्या लेंड्या किती, हे मोजतात.

यात पहिली चूक नमुने निवडतानाच होते. एकच लॉट ५, १५, ३०, ६०, १२० मिनिटं उकळून पाच नमुने केले, तर सेनोसाइड कमी होत जातं आणि त्याच वेळी सुटं रीन व गॅलिक आम्ल वाढत जातं. तिघांची हालचाल एकमेकांना जखडलेली. मग गणित बेधडक सांगतं की गॅलिक आम्ल रेचाला मारक आहे किंवा सुटं रीन रेच थांबवतं. तसं असेलही, पण या नमुन्यांवरून ते म्हणता येत नाही. ही जखडण सोडवायला वेगवेगळ्या जाती, वेगवेगळे प्रदेश आणि वेगवेगळे संस्कार मिसळावे लागतात, जेणेकरून सेनोसाइड जास्त पण टॅनिन कमी, आणि दोन्ही जास्त, असेही नमुने हाती येतील.

दुसरी चूक आलेखाची. २५४ नॅनोमीटरवर आणि मिथेनॉलचं प्रमाण जास्त असलेल्या द्रवात सुटी अँथ्राक्विनोन सुंदर वेगळी दिसतात, पण सेनोसाइड सुरुवातीच्या गर्दीत बुडतं. जे शिखर आलेखात नीट दिसतच नाही, ते कोणत्याही सांख्यिकीला सापडणार नाही. त्यामुळे आम्लयुक्त पाण्यापासून सुरुवात करून अ‍ॅसिटोनायट्राइल हळूहळू वाढवणारा कार्यक्रम हवा आणि सेनोसाइडसाठी ३४० नॅनोमीटरची वेगळी नोंद हवी. नमुना तयार करतानाही मिथेनॉलमध्ये तासभर रिफ्लक्स टाळावा. मोजण्याची वस्तू मोजतानाच मोडत असेल तर पुढच्या सगळ्या मेहनतीला अर्थ उरत नाही.

तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात आणि खरी तीच. सहसंबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं नाही. काढ्यातून स्तंभाच्या मदतीने सेनोसाइडचा अंश काढून टाकायचा आणि उरलेला काढा द्यायचा. रेच गेला का? मग काढलेला अंश तेवढ्याच प्रमाणात परत मिसळायचा. रेच परतला का? वजाबाकी आणि बेरीज दोन्ही जुळल्या तरच तो घटक जबाबदार धरावा. वजाबाकीने रेच अर्धाच गेला, तर दुसराही कोणी वाटेकरी आहे हे कळतं. दाहुआंगच्या बाबतीत साखरेसह असलेल्या अँथ्राक्विनोनचा काही वाटा आहे, आणि तो वेगळा मोजायला हवा.

चौथी गोष्ट यजमानाची, म्हणजे काढा घेणाऱ्या शरीराची. काम जिवाणू करत असतील, तर आतड्यातले जिवाणू हाही काढ्याचाच एक घटक समजावा. प्रतिजैविकं चालू असलेल्या रुग्णाला तोच काढा कमी लागू पडतो. प्रयोगातही उंदरांचा एक गट प्रतिजैविक देऊन जिवाणू घटवलेला असावा. त्यात रेच मंदावला, तर मार्ग सेनोसाइडचाच आहे याला बळकटी येते. मंदावला नाही, तर दुसरं काही चाललं आहे. ज्येष्ठमधाचा संबंधही इथेच येतो. त्यातल्या लिक्विरिटिनमुळे जिवाणूंचं सेनोसाइड फोडणं वेगावतं, असं जपानी प्रयोगांत दिसलं. जुन्या काढ्यात ज्येष्ठमध केवळ चवीला किंवा सौम्यपणाला नव्हता.

एक सावधगिरी मिश्र काढ्यांबद्दल. दाहुआंगबरोबर हुआंगल्येन हा कडू कंद असेल, तर त्यातलं बर्बेरिन आणि दाहुआंगमधलं टॅनिन व आम्ल गट असलेली द्रव्यं मिळून गाळ बसतो. बाटलीच्या तळाचा हा साका गाळून फेकला, तर मोजणीत औषध कमी आणि रुग्णाच्या पोटातही कमी. काढा हलवून, साक्यासकट नमुना घ्यावा आणि तसं नोंदवावं.

मग अहवालात काय मागायचं

रेचासाठी माल घेत असाल तर तीन आकडे मागा: सेनोसाइड ए, आम्ल न वापरता मोजलेली सुटी अँथ्राक्विनोन आणि आम्लानंतरची एकूण. एकूणमधून सुटा भाग वजा केला की बांधलेला साठा कळतो. सुटा भाग एकूणच्या अर्ध्याहून जास्त आणि सेनोसाइड ०.२५ टक्क्यांच्या खाली असेल, तर तो माल कच्च्या भावाने घेऊ नये. सोबत ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाखालची चाचणी हवीच. ऱ्हापोन्टिसिन या इतर जातींतल्या द्रव्याची निळसर-जांभळी चमक टिकून राहिली तर दुसऱ्या जातीची भेसळ आहे. आर्द्रता १५ टक्क्यांच्या आत हवी. दमट गोदामात मालातली साखर तोडणारी विकरं आणि बुरशी दोन्ही जागी होतात.

शू दाहुआंग घेत असाल तर निकष उलटे. तिथे सेनोसाइड कमी असणं हा दोष नाही, संस्कार नीट झाल्याची ती खूण आहे. काळ्या कापात सेनोसाइड भरपूर निघालं, तर तो पुरेसा शिजलेला नाही, फक्त बाहेरून रंगला आहे. काप मोडून गाभा पाहिला तर डोळ्यांनाही कळतं: आत पिवळट रेघ दिसली की तो परत भांड्यात.

टॅनिनसाठी अजून औषधकोशात अट नाही आणि ही उणीव गंभीर आहे. उंदरांवरच्या जपानी प्रयोगांत दाहुआंगच्या अर्काने रक्तातलं युरिया नायट्रोजन (मूत्रपिंड मंदावलं की ते साचतं) कमी झालं आणि त्याचा संबंध एपिकॅटेचिन गॅलेटसारख्या टॅनिनशी लागला. म्हणजे मूत्रपिंडासाठी अर्क बनवणाऱ्याने सेनोसाइडवर माल निवडला, तर तो चुकीच्या घटकाचे पैसे मोजतो आणि रुग्णाला नको असलेले जुलाब देतो.

मात्रेबद्दल: चिनी औषधकोशात दाहुआंग ३ ते १५ ग्रॅम आहे आणि रेचासाठी फार उकळू नये असा शेरा आहे. ही पाचपटीची मोकळीक सेनोसाइड माहीत नसताना धोक्याची ठरते. नवा लॉट आला की ३ ग्रॅमपासून सुरुवात करावी, शेवटची ५ ते १० मिनिटं उकळावं, आणि पोट साफ झालं की उरलेला काढा देऊ नये. शांगहान लुनमध्येही हेच सांगितलं आहे. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि आतड्यात अडथळा असलेल्या रुग्णांनी ते टाळावं. पोटॅशियम घटवणारी औषधं घेणाऱ्यांना वैद्याच्या देखरेखीशिवाय देऊ नये. घेतल्यावर लघवी गडद पिवळी किंवा क्षारीय असेल तर तांबूस होते. ते रक्त नसून शोषलेलं रीन असतं, पण रुग्णाला आधी सांगून ठेवावं.